गोव्यातल्या घरात रेकॉर्डिंग करताना: माईकच्या आधी वेळ, खोली आणि बैठक

गोव्यात बऱ्याच घरांत पेटी असते, वाड्यावाड्यावर भजनी मंडळ असतं आणि गाणं शिकणाऱ्या मुलांची तर गणतीच नाही. आता यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी रेकॉर्डिंग लागतं. कुणाला स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी पाठवायचं असतं, कुणाला चतुर्थीच्या आधी स्वतःची आरती यूट्यूबवर टाकायची असते, तर कुणाला म्हाताऱ्या बुवांचे अभंग त्यांचा आवाज शाबूत आहे तोवर जपून ठेवायचे असतात. स्टुडिओचं भाडं दर वेळी परवडत नाही. शिवाय काचेमागे एकट्याला बसवून बुवांकडून अभंग गाऊन घेणं जमतही नाही. घरीच करायचं असेल तर काय करावं, ते मी इथे नवशिक्यांसाठी क्रमाने मांडतो आहे.

सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो. घरच्या रेकॉर्डिंगचं बरंवाईट ठरतं ते बटण दाबण्याआधी. शांत वेळ मिळाली, खोली आवरून घेतली आणि मंडळी नीट बसली, तर स्वस्तातल्या सामानावरही ऐकण्याजोगं काम होतं. हे तीन सोडून महागडा माईक आणला, तर त्या माईकला फ्रिजची घरघरसुद्धा छान ऐकू येते.

आधी वेळ शोधा

ज्या खोलीत रेकॉर्ड करायचं तिथे मोबाईल ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि दहा मिनिटं कुणीही काही बोलू नका. मग हेडफोन लावून ऐका. रोजच्या सवयीने आपल्या कानांनी जे गाळून टाकलेलं असतं ते सगळं त्यात सापडेल: पंखा, फ्रिज, शेजारचा पाण्याचा पंप, लांबच्या हमरस्त्यावरचे ट्रक, माडावरचे कावळे, आणि सायकलवरून येणाऱ्या पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा. हेच दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी करून पाहा आणि कागदावर टिपून ठेवा.

आपल्याकडे सकाळ वाटते तेवढी शांत नसते. पहाटे पक्षी, मग पोदेर, मग मासळीवाल्याचा हॉर्न, मग शाळेच्या बसेस. मला विचाराल तर गावातली सगळ्यात चांगली वेळ दुपारची, जेवणं उरकल्यावर दोन ते चार. दुकानं बंद, माणसं आडवी झालेली, रस्ता मोकळा. अडचण उकाड्याची, कारण पंखा आणि एसी दोन्ही बंद ठेवावे लागतात. त्यावर उपाय एकच: टेक (एका दमात घेतलेलं रेकॉर्डिंग) चालू असताना पंखा बंद, टेक संपला की पाच मिनिटं चालू. एप्रिल-मे महिन्यांत लांबलचक काम काढूच नका.

पावसाळ्याचं गणित वेगळं. जून ते सप्टेंबर कौलांवर सर पडायला लागली की हळू गाणं विसरायचं. पत्र्याचं छप्पर असेल तर मग विचारूच नका. पाऊस थांबला की रात्री बेडूक आणि रातकिडे सुरू होतात, आणि रातकिड्यांचा आवाज इतका वरच्या पट्टीतला असतो की नंतर तो काढायला गेलं तर टाळांची चकाकीही त्याच्यासोबत निघून जाते. ज्यांना घाई नाही त्यांनी ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. तेव्हा गावच्या देवळाची जत्रा, कालो, सप्ताह, शेजारच्या वाड्यावरचं लग्न यांच्या तारखा आधी विचारून घ्या. किनारपट्टीला राहणाऱ्यांनी शनिवार-रविवारची रात्र सोडून द्यावी.

खोली ऐकायला शिका

खोलीच्या मध्ये उभे राहून जोरात एक टाळी वाजवा. टाळीमागून झणझण असा तारेसारखा आवाज आला, तर समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत. गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती, गुळगुळीत लाद्या आणि वर सपाट स्लॅब अशा खोलीत हे हमखास होतं. जुन्या कौलारू घरात वर छत मारलेलं नसेल तर उतरत्या छपरामुळे झणझण कमी असते. पण कौलांच्या फटींतून बाहेरचं सगळं आत येतं. दोन्हींतली एक निवडायची झाली, तर शांत भागात राहणाऱ्यांनी कौलारू खोली घ्यावी आणि रस्त्याकडेच्यांनी स्लॅबची. राजांगणात किंवा देवघरासमोरच्या चौकात गायला फार सुंदर वाटतं हे खरं. तिथला घुमारा मात्र एकदा रेकॉर्ड झाला की काढता येत नाही. कोरडा आवाज घेतला तर घुमारा नंतर हवा तेवढा घालता येतो.

आवाज शोषून घ्यायला जड, जाड आणि मऊ वस्तू लागतात. खाली सतरंजी आणि तिच्यावर जाजम. भिंतीला उभी केलेली कापसाची गादी. दोरीवर दुहेरी टाकलेली गोधडी, तीही भिंतीपासून वीतभर पुढे, कारण मागे हवा राहिली की ती जास्त काम करते. कपड्यांचं उघडं कपाट आणि पुस्तकांनी भरलेला रॅकही उपयोगी पडतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. ती सोडून द्या. ट्रे फक्त अगदी वरचे सूर थोडे विखुरतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत आणि डग्ग्याच्या घुमण्यावर तर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. बाजारात मिळणारा इंचभर जाडीचा फोम त्याच माळेतला.

गोधडी लावायची कुठे, हे बहुतेकांचं उलटं होतं. आपल्याला ती माईकच्या मागे लावावीशी वाटते. पण गाण्यासाठी वापरले जाणारे बहुतेक माईक समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं कमी ऐकतात. माईकच्या समोर गायक आहे आणि गायकाच्या मागे भिंत आहे. त्या भिंतीवरून परत येणारा आवाज थेट माईकच्या तोंडात शिरतो. म्हणून पहिली गोधडी गायकाच्या पाठीमागे, दुसरी त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला. खोलीच्या कोपऱ्यात कुणालाच बसवू नका, कारण तिथे खर्ज फुगतो. ऐन मध्यावरही नको. लांब बाजूच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर बैठक घाला.

सामान: थोडं आणि क्रमाने

पहिले दोन-तीन महिने मोबाईल पुरतो. तो हातात न धरता तिपाईवर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, वाजवणाऱ्यांपासून तीनेक फूट लांब, एअरप्लेन मोडवर. ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा फाईलचा प्रकार) हा पर्याय असेल तर तो निवडा. आवाज ‘सुधारणाऱ्या’ सगळ्या सोयी बंद करा. त्या बोलण्यासाठी बनवलेल्या असतात आणि पेटीचा लांबलेला सूर त्यांना गोंगाट वाटतो. मग तो मध्येच खाली दाबला जातो.

पुढची पायरी म्हणजे दोन माईक लावता येतील असा ऑडिओ इंटरफेस. माईकची केबल लॅपटॉपला जोडून देणारा हा छोटा डबा. एकच माईक लागणारा घेऊ नका, कारण आपल्या संगीतात गळा आणि साथ ही दोघं आलीच. माईकमध्ये दोन जाती लक्षात ठेवा. डायनॅमिक माईक दणकट असतो, त्याला तोंडाजवळ धरावं लागतं आणि त्यामुळेच खोलीतलं बाकीचं मागे राहतं. देवळातल्या कार्यक्रमात दिसणारा शूअरचा एसएम ५८ हा त्यातला. १९६६ पासून तो बाजारात आहे. कंडेन्सर माईक नाजूक आणि तिखट कानाचा, त्याला इंटरफेसवरचं ४८ व्होल्ट लिहिलेलं बटण दाबून वीज द्यावी लागते. गोव्यातल्या साध्या घरात गळ्यासाठी पहिला माईक डायनॅमिक घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तबला आणि पेटीसाठी कंडेन्सर बरा, तो दुसरा.

यासोबत कान पूर्ण झाकणारे हेडफोन, जड बुडाचे दोन स्टँड आणि प-फ-भ या अक्षरांचे फुत्कार अडवणारी जाळी. सगळं विकत घेण्याआधी गावातल्या साऊंडवाल्याला विचारा. त्याच्याकडे डायनॅमिक माईक आणि स्टँड असतातच, आणि कार्यक्रम नसलेल्या दिवशी तो ते थोड्या भाड्यात देतो. दोन-तीन माईक स्वतःच्या गळ्यावर लावून पाहिल्यावर खरेदी केली तर पैसे वाया जात नाहीत.

दमट हवा आणि वीज

गोव्यात सामान बिघडतं ते वापरून कमी, पडून राहून जास्त. कंडेन्सर माईकचा पडदा कागदाहून पातळ असतो. त्यावर ओल धरली की आधी तडतड ऐकू येते आणि मग बुरशी. माईक वापरून झाला की कोरड्या कपड्याने पुसून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुरचुंडी. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन भरले असं समजा आणि बदला किंवा मंद आचेवर सुकवून घ्या. हे दाणे मुलांच्या हाती लागू देऊ नका. केबलच्या टोकांवर खाऱ्या हवेने काळपट थर चढतो. महिन्यातून एकदा त्या पुसून दोनचार वेळा घालून काढाव्यात.

हेडफोनमध्ये सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज येत असेल तर तो विजेचा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचाच तो सूर. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यानेच जातो. गेला नाही तर सगळं सामान एकाच सॉकेटवरून घ्या आणि घराचं अर्थिंग वायरमनला तपासायला लावा. अंधुक करता येणारे दिवे, पंख्याचे रेग्युलेटर आणि जुने इन्व्हर्टर यांचीही किरकिर येते. वीज जाण्याचा भरवसा नसतो, त्यामुळे बॅटरीवरच टेक घेण्याची सवय लावली तर दोन्ही प्रश्न सुटतात. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवा. निघताना किल्ली शोधाल आणि तो परत चालू कराल.

एकत्र बसा

इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळीकडे मिळणारा सल्ला आपल्या संगीताला जसाच्या तसा लागू पडत नाही. तो सल्ला असा: आधी मेट्रोनोमचा ठोका लावा, त्यावर एकेक वाद्य वेगवेगळं वाजवा, शेवटी गळा. गिटार, कीबोर्ड, ड्रम यांच्या गाण्याला हे ठीक आहे आणि मडगाव-पणजीकडची बँडवाली मुलं तसंच करतात. नाट्यपद, अभंग, ठुमरी यांत मात्र लय दोघांत मिळून ठरते. गायक सम किंचित मागे ओढतो, तबलजी ते पाहून हात आवरतो, पेटीवाला जागा भरून देतो. गजराला लय आपोआप चढते आणि ती चढायलाच हवी. ठोक्यावर बांधलेला गजर बेसूर नसूनही निर्जीव ऐकू येतो. तबलजीला एकट्याला बसवून ‘चार मिनिटं भजनी ठेका वाजव’ म्हटलं तर तो वाजवेल, पण कुणाला साथ करायची ते त्याला कळणार नाही.

म्हणून एकाच खोलीत, एकमेकांचे चेहरे दिसतील असे बसा. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये थोडा जाणारच. तो किती जाईल ते बसण्याच्या जागेवर ठरतं. सोपा नियम असा की दोन माईकमधलं अंतर हे माईक आणि त्याच्या वाद्यातल्या अंतराच्या तिप्पट तरी असावं. तबल्याचा माईक तबल्यापासून एक फुटावर असेल तर गळ्याचा माईक त्याच्यापासून निदान तीन फूट लांब. दुसरं, प्रत्येक माईकची पाठ नको असलेल्या आवाजाकडे करा.

*पेटी.* पेटीचा भाता वादकाच्या पलीकडे, श्रोत्यांच्या बाजूला असतो. त्यामुळे कार्यक्रमात लावतात तसा समोरून माईक लावला की भात्याची फुसफुस आणि बिजागरीची कुरकुर आधी येते. घरी माईक वरून लावा, पट्ट्यांपासून दीड ते दोन फूट उंच, वरच्या सप्तकाच्या बाजूने आत झुकलेला. पेटीचं वरचं झाकण बंद ठेवून एकदा आणि उघडून एकदा ऐका. उघडल्यावर सूर मोकळा येतो, पण पट्ट्यांची टकटकही वाढते. बोटातली अंगठी आणि हातातल्या बांगड्या काढून ठेवा. भात्याच्या बिजागरीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

गायक स्वतःच पेटी वाजवत असेल, आणि आपल्याकडे बुवा बहुधा तसेच गातात, तर गळ्याचा माईक समोरून आडवा न लावता खालून वर, हनुवटीच्या दिशेने तिरपा लावा. मग माईकची पाठ आपोआप पेटीकडे होते आणि गळ्याच्या ट्रॅकमध्ये पेटी निम्म्याने कमी येते. एवढा एक बदल करून दोन्ही टेक लागोपाठ ऐका. फरक कुणालाही कळेल.

*तबला, पखवाज.* एकच माईक असेल तर दोन्ही वाद्यांच्या मध्ये, फूटभर उंचीवर, तबल्याच्या चाटेकडे जरा कललेला. डग्गा तसाही सगळीकडे पोचतो. पावसाळ्यात पुडी ढिली पडते, म्हणून बैठकीच्या तासभर आधी वाद्य खोलीत आणून ठेवा, मग सुरात लावा आणि दर टेकच्या आधी पुन्हा तपासा. पखवाजाच्या धुमेची (डाव्या तोंडाची) कणीक दमट हवेत लवकर सुकत नाही, पंखा चालू-बंद केल्याने मात्र तिचा सूर सरकतो. पखवाजाला दोन बाजूंनी दोन माईक मिळाले तर उत्तम.

*घुमट.* चतुर्थीच्या आरत्या रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी हे खास. घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेलं मातीचं भांडं, एका तोंडावर कातडं. पूर्वी ते घोरपडीचं असे. आता तिच्या शिकारीवर वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि घुमट बकरीच्या कातड्याचे बनतात. २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला तो यानंतरच. वादक एक हात कातड्यावर मारतो आणि दुसऱ्या हाताने उघडं तोंड झाकत-उघडत घुमारा घडवतो. फक्त कातड्यासमोर माईक ठेवला तर तडतड येते आणि घुमटाचा जीवच हरवतो. उघड्या तोंडापासून हातभर अंतरावर दुसरा माईक हवा. दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना खर्ज पातळ वाटला तर सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटी करा, घुमारा परत येतो. शामेळ (घुमटाच्या साथीचं चर्मवाद्य) बाजूला आणि कासाळे (मोठ्या झांजा) सगळ्यात लांब, शक्य तर दाराजवळ.

टाळांचंही तेच. झील धरणारे (मागून साथ गाणारे) चौघे टाळ घेऊन गळ्याच्या माईकजवळ बसले की रेकॉर्डिंगभर फक्त टाळ ऐकू येतात. त्यांना सहा-सात फूट मागे, अर्धवर्तुळात बसवा आणि एका जोडीनेच टाळ वाजवावेत अशी विनंती करा. विनंती करायला संकोच वाटतो, विशेषतः वडीलधारे असले तर. आधी थोडं रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवा, म्हणजे सांगावं लागत नाही.

तानपुऱ्याबद्दल एक खबरदारी. मोबाईलवरचा तानपुरा शुद्ध ४४० हर्ट्झच्या हिशेबाने लावलेला असतो, घरातली जुनी पेटी तशी असेलच असं नाही. काळी एक म्हणून लावलेला तानपुरा आणि पेटीची काळी एक यांत घासाघीस ऐकू आली तर ट्यूनर ॲपवर पेटीचा षड्ज तपासा आणि तानपुरा पेटीप्रमाणे वरखाली करा. पूर्ण गाणं एका दमात घेणार असाल तर तानपुरा छोट्या स्पीकरवर हळू लावला तरी चालेल. दोन टेक जोडण्याचा विचार असेल तर तो गायकाच्या एका कानात इयरफोनने द्या आणि शेवटी वेगळ्या ट्रॅकवर घाला. नाहीतर प्रत्येक जोडावर तानपुरा तुटलेला ऐकू येतो.

लॅपटॉपवर

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नका. ऑडॅसिटी फुकट आहे, ॲपलच्या यंत्रांवर गॅरेजबँड येतंच, आणि रीपर ६० दिवस वापरून पाहता येतं, त्याचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा. नवीन प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर उघडा. एका माईकचा ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा घेतो, तेव्हा डिस्क आधीच मोकळी करा.

गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावताना गायकाला ‘हॅलो हॅलो’ म्हणायला सांगू नका. गाण्यातली सगळ्यात चढी तान घ्यायला सांगा. तेव्हा मीटरचा काटा उणे १२ डीबीच्या आसपास थांबावा. मीटर शून्याला लागला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज कशानेही शिवता येत नाही. २४ बिटवर हळू आलेला आवाज नंतर बिनदिक्कत वाढवता येतो. मैफलीत रंगलेला गायक तालमीपेक्षा चढाच गातो, हेही धरून चाला.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू करा, किंवा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला बफर (लॅपटॉप आवाज किती साठवून मग पुढे देतो ते) १२८ पर्यंत खाली आणा. मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवण्याच्या, वेळी तोच १०२४ करा.

टेक घेताना

तबकडीच्या जमान्यात एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत आणि मध्ये चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात राग उभा करायचा तर काय घ्यायचं, काय सोडायचं हे आधीच पक्कं असावं लागे. केरीच्या केसरबाई केरकरांचं सुमारे साडेतीन मिनिटांचं भैरवीतलं गायन १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलं, ते याच आटोपशीर बांधणीचं आहे. आज लांबीला मर्यादा नाही, तरी बैठकीला बसण्याआधी कागदावर लिहा: कुठल्या पट्टीत, किती कडवी, मध्ये पेटी किती आवर्तनं, शेवट कसा. तालीम पंखा लावून करा आणि तीही रेकॉर्ड करून ठेवा. कित्येकदा सगळ्यात मोकळं गाणं तिथेच होतं.

प्रत्येक टेकच्या सुरुवातीला मोठ्याने टेकचा क्रमांक म्हणा आणि एक टाळी वाजवा. वेगळ्या मोबाईलवर व्हिडिओ घेत असाल तर त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवता येतात. शेवटच्या ठोक्यानंतर पाच सेकंद कुणीही हलू नका, ‘व्वा’ म्हणू नका, पेटीचं झाकण लावू नका. दोन टेकच्या मध्ये अर्धा मिनिट खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा, ती जोडकामात लागते. पूर्ण गाण्याचे तीन टेक पुरे. चौथ्याला गळा थकतो. तिन्ही टेकमध्ये एकच ओळ अडखळली असेल तर तिच्या आधीच्या दोन ओळींपासून तेवढाच भाग घ्या, त्याच बैठकीत. दुसऱ्या दिवशी गळा, हवा आणि तबल्याचा सूर, तिन्ही वेगळे असतात.

मिक्सिंग आणि पुढे

मिक्सिंग त्याच रात्री करू नका. कान थकलेले असतात.

आधी फक्त आवाजांची पातळी लावा: गळा पुढे, तबला त्याच्या खांद्याला, पेटी त्यामागे, तानपुरा असल्याचं फक्त जाणवेल इतका. निम्मं काम इथेच होतं. मग गळ्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झखालचा भाग कापा, पेटीवर १०० खालचा. डग्ग्यावर आणि घुमटावर हे मुळीच करू नका. गळा कोंडल्यासारखा वाटला तर २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डीबी उतरवा. कॉम्प्रेसर (चढे आवाज दाबून चढउतार कमी करणारी सोय) दोनास एक किंवा तीनास एक एवढाच, आणि तोही तान सपाट होत नाही ना हे ऐकत. सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर मींड आणि आंदोलन ओळखत नाही. गायकी जपायची असेल तर त्याला लांबच ठेवा. रिव्हर्ब (नंतर घातलेला घुमारा) घालून झाल्यावर थोडा कमी करा. तयार झालेलं मोबाईलच्या स्पीकरवर, गाडीत आणि हेडफोनवर ऐका. तिन्हीकडे शब्द कळले पाहिजेत. यूट्यूब आणि स्पॉटिफाय आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) पातळीला आणून ठेवतात, म्हणून जीव तोडून मोठा करण्यात अर्थ नाही.

टाकण्याआधी हक्कांचं पाहा. संतांच्या अभंगांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण चाल कुणा संगीतकाराची असेल तर तिच्यावर त्याचा हक्क असतो. भारतात तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. परंपरेने चालत आलेली चाल किंवा स्वतः बांधलेली चाल असेल तर प्रश्न येत नाही. साथीदारांची नावं वर्णनात शुद्ध लिहा, झील धरणाऱ्यांचीसुद्धा. आणि कुणाचं गाणं टाकता आहात त्याला आधी ऐकवून होकार घ्या.

फाईलला नाव देताना तारीख, गाणं, पट्टी आणि टेक क्रमांक घाला. मूळ डब्ल्यूएव्ही फाईल कधीही पुसू नका. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाऊडवर किंवा दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. हार्ड डिस्कही त्याच सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, लॅपटॉपला लावून दोन-चार फाईली वाजवून पाहा.